कणस्वर आणि कणसूर : गायनविषयक एका बोली विशेषणाचा इतिहास

हिंदुस्थानी संगीताच्या मराठी परिभाषेत 'कण' या शब्दापासून घडलेले दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांचे मूल्य मात्र परस्परविरुद्ध आहे. 'कणस्वर' म्हणजे मुख्य स्वराला लगतच्या स्वराचा होणारा ओझरता स्पर्श. तो अलंकार होय. 'कणसूर' म्हणजे आपल्या जागेपासून कणभर ढळलेला सूर. तो दोष होय. पहिला शब्द ग्रंथांत आणि पाठ्यपुस्तकांत स्थिरावला असून भातखंडे पद्धतीच्या स्वरलेखनात त्याला मुख्य स्वराच्या माथ्याशी लहान अक्षराची हक्काची जागाही मिळाली आहे. दुसऱ्याला असे कोणतेही चिन्ह नाही. तो तालमीच्या खोलीत, मैफलीच्या मागच्या रांगेत आणि कार्यक्रम संपल्यावर चपला शोधताना होणाऱ्या जाणकारांच्या संभाषणात वावरतो.

या जोडीकडे पाहताना मराठीतील तत्सम-तद्भव जोड्यांची परिचित उदाहरणे आठवणे स्वाभाविक आहे. 'गर्भिणी' आणि 'गाभण' हे एकाच मुळाचे शब्द; परंतु पहिला स्त्रीसाठी आणि दुसरा जनावरासाठी वापरला जातो. प्रतिष्ठा संस्कृत रूपाकडे आणि व्यवहार प्राकृत रूपाकडे अशी ही वाटणी असते. 'स्वर' आणि 'सूर' यांच्या बाबतीत मात्र हे स्पष्टीकरण पुरेसे पडत नाही. मराठी रसिकाच्या तोंडी 'सूर' हा कमी प्रतीचा शब्द नाही. 'आज बुवांचा सूर लागला' यापेक्षा मोठी पावती मराठीत देता येणे कठीण. तेव्हा कणसुराला दोषार्थ प्राप्त झाला तो 'सूर' या घटकामुळे नव्हे. त्याचे कारण काळात शोधावे लागते. कणस्वर हा मुख्य स्वराकडे जाता जाता घेतला जातो आणि क्षणात विरून जातो. गायक ज्या स्वरावर थांबतो, ज्यावर विसावण्याचा त्याचा हेतू असतो, तो आपल्या ठिकाणापासून अंशमात्र दूर राहिला की त्याला कणसूर म्हणतात. मिंडेत तर गळा दोन स्वरांमधल्या सर्व जागांवरून सरकत जातो, आणि त्यांतील एकाही जागेला कोणी कणसूर म्हणत नाही. म्हणजे या विशेषणाचा विषय ठहराव हा आहे.

शब्दाच्या घडणीविषयी आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. हिंदीत हाच शब्द 'कनसुरा' असा लिहिला आणि उच्चारला जातो. हिंदीत 'कन' हे कणाचे तद्भव रूप आहे, तसेच ते 'कान' या शब्दाचे समासातील रूपही आहे. 'कनपटी', 'कनफटा', 'कनरसिया' यांत ते दिसते. त्यामुळे हिंदी भाषकाला 'कनसुरा' या शब्दात कानाचा ध्वनी ऐकू येऊ शकतो. मराठीने ण आणि न यांतील भेद जपला असल्याने येथे तशी संदिग्धता उरत नाही. मराठी कणसुरात कान नाही, केवळ कण आहे. एका व्यंजनामुळे एका भाषेत शब्दाचे लक्ष ऐकणाऱ्याकडे वळण्याची शक्यता राहते आणि दुसऱ्या भाषेत ते मापाकडेच खिळून राहते. तौलनिक अभ्यासकाने ही गोष्ट दुर्लक्षू नये, कारण या शब्दाचा पुढील सारा इतिहास माप आणि कान यांच्यातील वादाचाच इतिहास आहे.

मराठीत हा शब्द तीन प्रकारे चालतो. 'कणसूर लागला' यात तो नामासारखा येतो. 'ती कणसूर गाते' यात तो क्रियाविशेषण आहे. 'कणसुरा गळा', 'कणसुरी तान' यांत तो लिंगवचनानुसार बदलणारे विशेषण बनतो. या तीन रूपांचा भार सारखा नाही. पहिल्या रूपात 'लागणे' हे क्रियापद आहे. भूक लागते, ऊन लागते, ठेच लागते, तसाच सूर लागतो. गायकावर दोषाचा आरोप न ठेवता घडलेली गोष्ट सांगण्याची ही मराठीची रीत आहे. हिंदीतील 'सुर लगाना' या सकर्मक प्रयोगात गायक कर्ता होतो. मराठीतही 'सूर लावणे' आहे, पण निवाड्याच्या वेळी मराठी माणूस बहुधा 'लागणे'च पसंत करतो. याउलट 'तो कणसुराच आहे' या वाक्यात आजच्या मैफलीचा प्रश्न उरत नाही; ते त्या माणसाच्या गळ्याविषयीचे कायमचे विधान होते. ज्या विद्येत गुरूच्या एका शब्दावर शिष्याची अनेक वर्षे अवलंबून असत, तेथे विभक्तिप्रत्ययातील हा फरक किती जड जात असेल, हे सांगण्याची गरज नाही.

या विशेषणाच्या आजूबाजूचे शब्दही तपासले पाहिजेत. 'बेसूर' हा फारसी उपसर्ग आणि भारतीय नाम यांचा संकर असून तो कोणीही, कोणाविषयीही वापरू शकतो. 'भसाडा', 'किनरा', 'चिरका', 'घोगरा' ही विशेषणे आवाजाच्या पोताविषयी आहेत. त्यांचा स्वरस्थानाशी संबंध नाही. भसाड्या आवाजाचा माणूस पूर्णपणे सुरात असू शकतो आणि मधुर आवाजाचा माणूस कणसुरा असू शकतो. 'सुरात' आणि 'सुरेल' यांतही मराठी भेद करते. 'सुरात' हे सप्तमीचे रूप आहे, ते जागा दाखवते. 'सुरेल' हा गुण आहे. सुरात गाणारे पुष्कळ असतात, सुरेल थोडे. या पट्टीवर 'कणसूर' हा शब्द 'बेसूर' आणि 'सुरात' यांच्या मधल्या अरुंद जागेत बसतो. तेथे बसल्यामुळेच तो अवघड झाला आहे: बेसूर कोणालाही कळतो, कणसूर कळण्यासाठी कान तयार असावा लागतो. म्हणून हा शब्द उच्चारणारा माणूस गायकाविषयी जितके सांगतो तितकेच स्वतःच्या अधिकाराविषयीही सांगत असतो.

शास्त्रग्रंथांत या अरुंद जागेसाठी शब्द होता काय, हा पुढचा प्रश्न. नाट्यशास्त्रात कंठाचे पाच दोष सांगितले आहेत: कपिल, अव्यवस्थित, संदष्ट, काकी आणि तुंबकी. नारदीय शिक्षेत गीताचे चौदा दोष येतात आणि त्यांत 'विस्वर' व 'काकस्वर' आहेत. परंतु सूक्ष्म ढळणीसाठी नेमका शब्द हवा असेल, तर देवगिरीकडे यावे लागते. काश्मीरातून दक्षिणेत आलेल्या घराण्यातील शार्ङ्गदेवाने यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'संगीतरत्नाकर' रचला. त्याच्या प्रकीर्णकाध्यायात सदोष गायकांचे पंचवीस प्रकार दिले आहेत. हा भाग शास्त्रग्रंथापेक्षा एखाद्या मिस्कील श्रोत्याच्या टिपणासारखा वाचता येतो. कावळ्यासारख्या कर्कश आवाजाचा तो काकी, मान उंटासारखी उंचावणारा तो करभ, तुंब्यासारखा फुगणारा तो तुंबकी, तोंड भयंकर वासणारा तो कराली, बोकडासारखे तोंड करणारा तो उद्वड, कपाळाच्या व मानेच्या शिरा ताणणारा तो झोंबक, डोळे मिटून गाणारा तो निमीलक. यांतील कित्येक शब्द शास्त्रकारांनी एकांतात बसून घडवले असतील असे वाटत नाही. ते सभेत आणि सभेबाहेर बोलले जाणारे शब्द असावेत आणि शास्त्रकाराने त्यांना यादीत आणून बसवले असावे. त्याच अध्यायात आवाजाच्या प्रकारांत 'बोंबक' येतो, एरंडाच्या दांड्यासारखा निःसार. मराठी वाचकाला येथे 'बोंब' आठवणे अपरिहार्य आहे. एवढ्या साम्यावर व्युत्पत्ती उभारणे मात्र धाडसाचे होईल.

या पंचवीसांत दोन शब्द प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. एक 'अपस्वर' आणि दुसरा 'विकल'. रागात वर्ज्य असलेला स्वर घेणारा तो अपस्वर. जो स्वर गातो पण ते उणे वा अधिक श्रुतींचे लागतात, तो विकल. शार्ङ्गदेवाने हे दोन दोष वेगळे मोजले, यात त्याची सूक्ष्म दृष्टी दिसते. पहिल्याचा निवाडा रागाचे व्याकरण करते; दुसऱ्याचा कान करतो. वर्ज्य स्वर अगदी अचूक स्थानी लावणारा गायक अपस्वर ठरतो, विकल ठरत नाही. रागाचे सर्व नियम पाळणारा गायक विकल असू शकतो. आजच्या मराठी बोलण्यात पहिल्याविषयी 'चुकला' म्हणतात आणि दुसऱ्याविषयी 'कणसूर'. 'विकल' या शब्दाची फोडही पाहावी: वि आणि कला, म्हणजे ज्याची एक कला, एक लहानसा अंश उणावला आहे तो. सात शतकांच्या अंतराने बोलीने 'कण' निवडला तेव्हा तिच्यासमोर तो ग्रंथ असण्याचा संभव फार थोडा. तरीही दोन्ही शब्द अल्पतेच्याच कल्पनेवर उभे आहेत. दोष मोठा नाही, अगदी लहान आहे, आणि लहान असूनही तो दोषच आहे, असा दोहोंचा आशय आहे. 'विकल' मात्र संगीताच्या भाषेतून निघून गेला. मराठीत आणि हिंदीत तो व्याकूळ मनाचे विशेषण म्हणून उरला. गळ्यातून सुटून तो हृदयात गेला असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

शेजारच्या भाषांनी ही जागा वेगवेगळ्या रीतीने भरली आहे. तमिळ रसिकाची बोलण्यातील तक्रार 'श्रुति सेरविल्लै' अशी असते, म्हणजे श्रुती जुळली नाही. कर्नाटक परंपरेत 'श्रुति' म्हणजे आधारस्वर, तंबोऱ्याचा षड्ज. श्रुतीला माता आणि लयीला पिता मानणारे वचन तेथे प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचे असते. हिंदुस्थानी परिभाषेत 'श्रुती' म्हणजे सप्तकाच्या बावीस भागांपैकी एक. त्यामुळे एकीकडे दोष नात्याच्या भाषेत सांगितला जातो, गायक आणि आधारस्वर एकत्र आले नाहीत; दुसरीकडे तो मापाच्या भाषेत सांगितला जातो, एक कण कमी वा अधिक पडला. ऐकू येणारी गोष्ट एकच असते.

कन्नडमध्ये 'अपस्वर' हा शास्त्रीय शब्द वर्तमानपत्रांत मतभेद या अर्थाने रुळला आहे; पक्षात कोणी अपस्वर काढला, असे तेथे लिहिले जाते. बंगालीत 'बेसुरो' या शब्दाने तेच काम केले आणि २०२१ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी पक्षनेतृत्वाविरुद्ध बोलणाऱ्या नेत्यांसाठी तो तेथील वृत्तपत्रांचा रोजचा शब्द झाला. मराठी राजकीय बातमीत 'नाराजीचा सूर' असतो, क्वचित 'बेसूर'ही असतो. 'कणसूर' मात्र कोणत्याही भाषेत या वाटेने गेलेला दिसत नाही. रूपक होण्यासाठी मूळ अर्थ बहुतेकांना ऐकू यावा लागतो. जो दोष दहांपैकी एखाद्यालाच कळतो, त्याचे रूपक उरलेल्या नऊ जणांसाठी निरर्थक ठरते.

या विशेषणावर खरा ताण आला तो पेटीमुळे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढील काही दशकांत हार्मोनियम, पायपेटी आणि ऑर्गन ही नाटकगृहाची वाद्ये बनली आणि नाटकगृहाबरोबर ती मराठी घरांतही शिरली. 'मानापमान' (१९११) नाटकाच्या चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित हार्मोनियमवादक होते. लहानपणी स्वरांची ओळख पेटीच्या पट्ट्यांवरून होऊ लागली, आणि 'काळी चार', 'पांढरी एक' ही गळ्याच्या उंचीची मराठी नावे ठरली. स्वराचा पत्ता वाद्याच्या रंगीत पट्टीवरून सांगण्याची ही रीत किती खोल गेली आहे, हे मराठीतील गायनविषयक कोणतेही संभाषण ऐकले तरी कळते.

प्रश्न असा होता की या पट्ट्यांचे स्वर तंबोऱ्याच्या स्वरांशी जुळत नाहीत. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग, म्हणजे सेंट, कल्पिले तर समान विभागणीच्या पेटीतील शुद्ध गांधार षड्जापासून ४०० व्या भागावर येतो. चांगल्या जवारीच्या तंबोऱ्यातून जो गांधार आपोआप उमटतो, ज्याला गायक स्वयंभू गांधार म्हणतात, तो सुमारे ३८६ व्या भागावर असतो. हा चौदा भागांचा फरक म्हणजे बोलीच्या भाषेत अगदी कणभरच. तंबोऱ्यात मुरलेल्या कानाला त्यामुळे पेटीचा गांधार कणसूर लागतो, चढा लागतो. उलट पेटीवर वाढलेल्या कानाला दरबारी कानड्यातील आंदोलित गांधार किंवा तोडीतील अतिकोमल गांधार संशयास्पद वाटू शकतो. येथे 'कणसूर' या शब्दाची अडचण उघडी पडते. हा शब्द 'कशापासून ढळला' हे सांगत नाही. सर्वांचा मापदंड एक असेल तोपर्यंत ते सांगण्याची आवश्यकताही नसते. दोन मापदंड आले की एकाच विशेषणाने दोन्ही पक्ष परस्परांना दोषी ठरवू शकतात.

महाराष्ट्रात हा वाद केवळ बोलण्यापुरता राहिला नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवलांचे बंधू, यांनी बावीस श्रुतींची गणिती मांडणी करणारे इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध केले. मुंबई इलाख्यात न्यायाधीश असलेले ई. क्लेमेंट्स त्यांच्या विचारांकडे ओढले गेले आणि १९१३ मध्ये त्यांचेही पुस्तक आले. या संशोधनात अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साह्य घेण्यात आले होते. पुढे बावीस श्रुतींची खास हार्मोनियम तयार करवून घेण्यात आली. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली १९१६ मध्ये बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली गेली, तेव्हा जमलेल्या उस्तादांकडून आणि भातखंडे यांच्या बाजूच्या मंडळींकडून तिला अनुकूल कौल मिळाला नाही. या प्रसंगात एक गंमत आहे. कणसुराचा बंदोबस्त करण्यासाठी पट्ट्यांची संख्या वाढवली गेली. परंतु जास्त पट्ट्या म्हणजे जास्त थांबे, आणि आंदोलित गांधार तर कोणत्याही थांब्यावर उभा राहत नाही. कानाचा प्रश्न गणिताने सोडवण्याचा तो प्रयत्न प्रामाणिक होता, त्यामागे मोठे परिश्रम होते, आणि तो जिथे अडला ती जागा देवलांच्या टीकाकारांनाही नीटशी दाखवता आली नाही.

दुसरे टोक आकाशवाणीने गाठले. पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख असलेले इंग्रज संगीतकार जॉन फाउल्ड्झ यांनी १९३८ मध्ये पेटीच्या नावावर कोटी करून तिला 'हार्म-ओनियम', म्हणजे अपायकारक वाद्य, म्हटले. १९४० च्या जानेवारीत रवींद्रनाथांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून तिच्या हकालपट्टीची मागणी केली आणि त्याच वर्षी मार्चपासून नभोवाणीवर बंदी लागू झाली. १९७० च्या दशकाच्या आरंभी ती अंशतः सैल झाली. या तीस वर्षांत महाराष्ट्रातील मैफलींत मात्र पेटीची साथ अखंड चालू राहिली आणि त्याच साथीवर उत्तमोत्तम सुरेल गायक गात राहिले. हा विरोधाभास दिसतो तितका मोठा नाही. कुशल साथीदार गायक ज्या स्वरावर ठाण मांडतो त्या वेळी पट्टी दाबून धरत नाही. तो मागून हलकेच येतो किंवा षड्जावर थांबून राहतो. पेटी कणसूर आहे हे सर्वांत चांगले पेटीवाल्यालाच ठाऊक असते.

मुद्रित समीक्षेत हा शब्द फारसा भेटत नाही, याचे कारण त्याच्या तीक्ष्णतेत आहे. वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथाने घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन तत्त्वांवर केली आणि किराणा घराणे स्वराच्या टोकाला ठेवले. तेव्हापासून 'सुरेल' हे विशेषण एका घराण्याच्या ओळखीसारखे वापरले जाऊ लागले. त्याचा एक परिणाम असा की लयप्रधान गायकीच्या गायकाविषयी सुराची बारीक तक्रार करणे म्हणजे त्याच्या घराण्यावरच टीका करण्यासारखे झाले. वृत्तपत्री परीक्षणांनी मग आडवळणाची वाक्ये शोधली: आवाजाने साथ दिली नाही, सूर किंचित उतरत होता, हवामानाचा परिणाम जाणवला. जाणता वाचक या वाक्यांच्या पाठीमागचा शब्द ओळखतो.

१९६३ मध्ये नाझीर जयराजभाई आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी उत्तर भारतीय कलावंतांच्या स्वरस्थानांची यंत्राने मोजणी करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच रागात निरनिराळ्या कलावंतांचे स्वर सारख्या ठिकाणी नव्हते; एवढेच नव्हे, तर एकाच कलावंताचा तोच स्वर एकाच सादरीकरणात जागा बदलत होता. बावीस श्रुतींच्या स्थिर जागांवरील विश्वासाला हा धक्का होता. 'कणसूर' या शब्दाला मात्र त्याने धक्का बसला नाही. यंत्राने ज्यांना ढळलेले दाखवले ते मान्यवर कलावंत होते आणि ऐकणाऱ्यांना ते सुरेल वाटत होते. म्हणजे जागेपासून हलणे हा दोष नाही. कोणत्या हलण्याला दोष म्हणायचे हे राग, त्यातील तो स्वर, त्याआधीचा स्वर आणि मागचा तंबोरा यांच्यावर ठरते, आणि हे सारे एकदम लक्षात घेण्याचे काम अजून कानच करतो.

इंग्रजीत याच जागेवर 'पिची' हे विशेषण आले आहे. डांबरासारखा चिकट वा काळा असा त्या शब्दाचा जुना अर्थ होता. २००२ मध्ये सुरू झालेल्या 'अमेरिकन आयडॉल' या दूरचित्रवाणी स्पर्धेत परीक्षक रँडी जॅक्सन यांच्या तोंडून तो सुराच्या ढळणीसाठी वारंवार ऐकू आला आणि घरोघरी पोहोचला. त्याच स्पर्धेच्या धर्तीवर २००४ मध्ये 'इंडियन आयडल' सुरू झाली. 'पिची' आणि 'कणसूर' यांत साम्य पुष्कळ आहे. दोन्ही बोलीतले, दोन्ही सूर चढा की उतरा हे न सांगणारे. परंतु 'पिची' हा शब्द सर्वांसमोर, गायकाच्या तोंडावर, लक्षावधी प्रेक्षकांच्या साक्षीने उच्चारला जातो, आणि त्याचा संदर्भ सहसा मागे वाजणाऱ्या समान विभागणीच्या वाद्यवृंदाशी असतो. १९९७ मध्ये बाजारात आलेल्या ऑटो-ट्यूनने तर हा दोष ध्वनिमुद्रणातून पुसून टाकण्याची सोय केली. ते साधन ढळलेला सूर जवळच्या ठरलेल्या जागी आणून बसवते. बारा समान जागांची नेहमीची मांडणी ठेवून दरबारीचा गांधार त्याच्या हवाली केला, तर ते त्याचे आंदोलन थांबवते आणि त्याला जवळच्या पट्टीवर उभे करते.

तालमीच्या खोलीत यावर जुनाच उपाय चालतो. गुरू गाणे थांबवतो, तंबोऱ्याची जवारी पाहतो, मणी किंचित सरकवतो आणि पुन्हा षड्ज लावायला सांगतो. तंबोरा मिळाल्यावरही सूर तसाच राहिला, तरच तो शब्द उच्चारला जातो.